डाव्या सीटवरचा आवाज

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो तो हौसेने नव्हे. शेजारचा माणूस ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबत असताना "बाळा, जरा विचार कर" म्हणून भागत नाही. मी उभं आयुष्य शिकाऊ माणसांच्या डाव्या बाजूला बसून ओरडत काढलं. आमची ही म्हणते, "तुम्ही माझ्या कानात काही सांगितलं तरी शेजारचे दार उघडून बघतात." तिचं काही खोटं नाही. पण माझ्या हाताखालून गेलेला माणूस आरशात बघितल्याशिवाय गल्लीच्या बाहेर पडत नाही, हेही तितकंच खरं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे रामायण घडलं ते ह्या आवाजावरूनच.

माझी सून कस्टमर केअरमध्ये काम करते. बिल जास्त आलं, नेटवर्क गेलं, की लोक जिला फोन करून वाट्टेल ते बोलतात, ती ही. तिने काय उत्तर द्यायचं ते कंपनीने लिहून दिलेलं असतं. मधेच स्वतःचं एखादं वाक्य बोलली तर वरून समज मिळते. दिवसभर "सॉरी सर, सॉरी मॅडम" करून ती घरी येते, चहा घेते आणि पाय पोटाशी घेऊन मोबाइलवर काहीतरी टाइप करत बसते. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, पोरीला मैत्रिणी फार. नंतर कळलं, ती रॅप लिहिते. तिने टोपणनाव घेतलंय 'होल्ड'.

"म्हणजे भराभर बोलायचं," मी म्हटलं.

"भराभर नाही बाबा, तालात."

"आणि चाल?"

"चाल नसतेच."

"मग ते गाणं कसलं?"

ती हसली. "तुम्ही शिकवताना काय करता? क्लच दाब, गिअर टाक, सोड, सोड, हळू सोड, अरे हळू! ते रॅपच आहे."

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात ती पटाईत. मी चढलो.

तिने आधी सुटी गाणी काढली होती. काढण्याआधी दहा जणांना ऐकवली. दहा जणांनी दहा सल्ले दिले, ते सगळे तिने ऐकले, आणि गाण्याचं पार मातेरं झालं. बाहेर आल्यावर मित्रमंडळींचे "मस्त!", "भारी!" असे निरोप आले, तेही गाणं संपायच्या आत. म्हणजे ऐकलं कुणीच नव्हतं. नवऱ्याने ऐकलं, पण तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून घरी आल्यावर त्याच्याकडे "छान आहे" एवढंच उरतं.

मग एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं की ती आता आख्खा अल्बम करणार आहे. सुटी गाणी नव्हेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकणारी एक मुलगी गाडी शिकते. किल्ली फिरवण्यापासून सुरू होऊन एकटीने गाडी चालवण्यापर्यंत, प्रत्येक गाणं म्हणजे शिकण्यातली एक पायरी. नाव 'शिकाऊ'.

"पूर्ण झाल्याशिवाय कुणाला ऐकवणार नाही," ती म्हणाली. "आणि हा शेवटचा. ह्यातही माझं कुणी ऐकलं नाही, तर मी लिहिणं सोडणार. मग मला कुणी समजवायचं नाही."

मुलगा "बरं" म्हणाला. हिने माझ्याकडे बघितलं. मी पोरीच्या हनुवटीकडे बघत होतो. परीक्षेच्या दिवशी काही शिकाऊ लोकांची हनुवटी अशी असते: पुढे काढलेली आणि थरथरणारी.

"तुला गाडी येते?" मी विचारलं.

"नाही."

"मग लिहिणार काय, कपाळ? उद्या सकाळी तयार राहा."

अशी सुरुवात झाली. सकाळी तिच्या ड्युटीच्या आधी शिकवणी आणि संध्याकाळी त्याच गाडीत रेकॉर्डिंग. आमच्या घराच्या भिंती अशा की शेजारच्यांचा टीव्ही आम्हाला फुकट ऐकायला मिळतो. शेडमध्ये लावलेल्या गाडीच्या काचा वर केल्या की मात्र चिडीचूप. ती उजवीकडे बसायची, मोबाइल डॅशबोर्डवर, लॅपटॉप मांडीवर. त्या लॅपटॉपचा आवाज केव्हाच गेलेला. वायर लावून ती गाडीच्याच स्पीकरवर ऐकायची.

शिकायला ती ठार ढ होती. क्लच सोडताना गाडी अशी उडायची की माझा चष्मा नाकावरून ओठांवर यायचा. चौकात पोचलं की तिची पाचावर धारण बसायची. मागून एक हॉर्न वाजला की सूनबाई तिथल्या तिथे गाडी बंद पाडून हात जोडायची, आणि तोंडाने काय, तर "सॉरी सर!" मी ओरडायचो, "तो तुझा ग्राहक नाही! पुढे बघ!" संध्याकाळी तेच गाण्यात उतरलेलं असायचं:

*दिवसभर म्हणते सॉरी, सॉरी जे मी केलंच नाही,*
*तुमचं बिल, तुमचं नेटवर्क, माझं काही गेलंच नाही.*
*ओरडा सर, ओरडा मॅडम, कॉल रेकॉर्ड होतोय,*
*माझ्या आतला एक माणूस तेवढा होल्डवर राहतोय.*

हे तिने म्हणून दाखवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या चौकात मी तिच्यावर ओरडत होतो तेव्हा तिच्या डोक्यात हे चाललं होतं, ह्याचा मला पत्ताच नव्हता.

गाण्याचा ताल तिने गाडीतूनच काढला. इंडिकेटरची टिकटिक, पट्ट्याची खटकन बसणारी कडी, हँडब्रेक ओढतानाची करकर, कोरड्या काचेवरून फिरणारा वायपर. मी कुरकुरलो की विनाकारण इंडिकेटर चालवून बॅटरी उतरेल, तर तिने माझी कुरकुरही रेकॉर्ड करून घेतली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की शिकवणारा म्हणून ह्या अल्बममध्ये मीच आहे. "आरसा! आरसा कोण बघणार, मी?" "गाडी तुझी आहे, रस्ता तुझ्या बापाचा नाही!" वगैरे माझी नेहमीची स्तोत्रं.

"ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तो मागच्या सीटवर बसलाय," ती समजावायची. "उजव्या कानात मी, डाव्या कानात तुम्ही. तुमचा आवाज अगदी मागे ठेवायचाय, नुसता आहे एवढं कळण्यापुरता. शब्द माझे ऐकू आले पाहिजेत."

"ठेव की. मला कुठे स्टेजवर जायचंय?"

ह्या लोकांत म्हणे एक रीत आहे. गाणं तयार झालं की गाडीत लावून बघायचं. गाडीत बरं वाजलं तर कुठेही बरं वाजतं. सुनेने विचार केला, अल्बमच गाडीतला, मग कुठला आवाज किती ठेवायचा तेही सगळं गाडीतच बसून ठरवू. तर्क बिनतोड होता. फक्त एक अडचण यायची.

"बाबा, तुम्ही नीट ऐकूच येत नाही. एवढे ओरडता, मग गाण्यातच कसे बसके?"

आता माझ्या आवाजाला कुणी बसका म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं? मी पुन्हा ओरडलो, आणखी जोरात. तिने माझा आवाज आणखी वाढवला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिथल्या हेडफोनवर एकदा तपासलं. तो हेडफोन एकाच कानाचा, उजव्या. त्यात तर मी जवळपास नव्हतोच. मग घरी येऊन तिने मला अजून थोडा वाढवला.

मधल्या काळात तिला लायसन्स मिळालं. काठावर पास, पण पास. आता माझी एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. लायसन्स हातात आलं की मी प्रत्येकाला एक जादा धडा देतो, फुकट. त्याला गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायला लावतो, तिथे उतरतो, दार लावतो आणि म्हणतो, "जा, एक चक्कर मारून ये." शेजारची सीट रिकामी झाल्याशिवाय गाडी येत नाही, असं माझं ठाम मत आहे. काही रडतात, काही देवाचं नाव घेतात, पण परत येतात तेव्हा माणूस बदललेला असतो. सुनेचा हा धडा राहून गेला. आधी अल्बम होऊ दे, मग जाऊ, असं ती म्हणत राहिली. शेवटच्या गाण्यात ती एकटी गाडी चालवते असं लिहिलं होतं, आणि त्यातही डावीकडून माझं "शाब्बास, शाब्बास" चालूच होतं. मला ते थोडं खटकलं होतं. पण गाण्यातलं खरं-खोटं कोण बघतो, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, एकदाच बसलो ते असं.

अल्बम बाहेर आला तो एका रविवारी दुपारी. तिने बटण दाबलं आणि आम्ही चौघंही शेडमध्ये गाडीत जाऊन बसलो. ती आणि मी आमच्या जागांवर, मागे मुलगा आणि ही. काचा वर. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकलं. तिचा आवाज काय सुंदर लागला होता! माझा अगदी हवा तेवढा, शेजारच्या खोलीत कुणीतरी असावं तसा. 'होल्डवर राहतोय'वालं कडवं आलं तेव्हा हिने पदर डोळ्याला लावला आणि मागून सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत उकडून जीव जात होता, पण काच खाली करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, कामावर जाताना बसमधून. त्याने कानात इअरफोन घालून पुन्हा ऐकायला घेतला होता.

"बाबा एवढे का ओरडतायत गं?" त्याने तिला विचारलं.

"कुठे?"

"सगळीकडे. तू ऐकूच येत नाहीयेस."

ती फोन हातात घेऊन तशीच शेडकडे गेली. मी मागोमाग. तिने गाडीत गाणं लावलं आणि सीटवरून वाकून डाव्या दाराला कान लावला. मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

डाव्या दारातला स्पीकर बरोबर माझ्या गुडघ्याशी. शिकायला येणारी पोरं रेडिओ लावायची आणि तो माझ्या गुडघ्याशी कोकलायचा. कधीकाळी वैतागून मी दाराचं आतलं पॅनल उघडून त्याच्यावर फोमचा चांगला जाड तुकडा कोंबला होता. इतकी वर्षं झाली की विसरूनही गेलो. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि पॅनल काढलं. फोम तिथेच, जसाच्या तसा. ओढून बाहेर काढल्याबरोबर माझाच आवाज आमच्या अंगावर आला: "आरसा! आरसा कोण बघणार, मी?" शेडमधल्या पत्र्यासकट सगळं दणाणलं. त्या आवाजाखाली कुठेतरी सून पुटपुटत होती.

तिने फोम हातात घेऊन बघितला, सीटवर ठेवला आणि ड्युटीला गेली.

पुढचे काही दिवस मी कधी विसरणार नाही. अल्बम लोकांनी ऐकला, म्हणजे मला ऐकला. कुणीतरी माझं "आरसा!" कापून मांजराच्या व्हिडिओला लावलं. मांजर मागे न बघता उडी मारतं आणि कपाटावर आपटतं, आणि मी ओरडतो, "आरसा कोण बघणार, मी?" मग कुणी ते नवरदेवाला लावलं, कुणी फुटबॉलच्या गोलकीपरला. किराणावाला मला बघून हात वर करून ओरडला, "आरसा!" जुने शिकाऊ फोन करायला लागले. कशाला खोटं बोलू, मला गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून काढली आणि आता रस्त्यात लोक हात करत होते. मी दाढीही रोज करायला लागलो. हिने ते बरोबर हेरलं. "कुठे निघाली स्वारी?" म्हणाली.

सून घरी येत होती, चहा पीत होती, भांडी आवरत होती. मोबाइल मात्र पालथा ठेवलेला असायचा. एके दिवशी मी तिला उत्साहाने एक नवा व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण बघितला आणि म्हणाली, "ऑफिसातली सगळी म्हणतात, तुझे सासरे भारी आहेत गं."

"आणि तुझी गाणी?"

"गाण्यांबद्दल कुणी काही म्हणालं नाही."

"मग आवाज कमी-जास्त कर ना. आता स्पीकर मोकळा आहे."

"कशाला? लोक ऐकतायत ना. माझं नाही तर तुमचं." तिने कप धुवून पालथा घातला. "बाबा, तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. पण दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. ते मी गाण्यात घातलं, म्हटलं इथे तरी माझं ऐकू येईल. तर गाण्यातही ओरडणाराच ऐकू येतो. मला जे कळायचं ते कळलं. मी बोलले होते ना, हा शेवटचा."

आत जाऊन तिने दार लावलं, हलकेच, नेहमीसारखंच. तिने आपटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. मी ओट्यापाशी उभा राहिलो आणि मला माझी विलक्षण लाज वाटली. पोरीचं घर जळत होतं आणि मी त्यावर हात शेकत होतो. ही म्हणाली, "आता तरी ओरडू नका." मी म्हटलं, "कोण ओरडतंय?" तेही ओरडूनच.

रात्रभर विचार केला असं सांगणार नाही, मला झोप लागते. पण सकाळी दाढी करताना एक गोष्ट सुचली आणि मी तोंडाला फेस तसाच ठेवून तिच्या दाराशी गेलो.

"माझा आवाज सगळ्या गाण्यांत सारखा का?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी मी किती ओरडतो? आणि शेवटच्या दिवशी?"

तिने दार आणखी थोडं उघडलं.

"पहिल्या गाण्यात असू दे असाच. कानठळ्या बसू देत. लोकांना हसायचं ते हसू देत. दुसऱ्यात जरा कमी. मग आणखी कमी. जशी तू शिकत जातेस तसा मी कमी होत जातो. असंच असतं ते! मी आजवर कुणालाही शेवटच्या दिवशी शाब्बास म्हटलेलं नाही. शेवटच्या दिवशी मी गाडीत नसतोच. तुझं शेवटचं गाणं साफ खोटं आहे."

"खोटं आहे?"

"तू एकटी कधी चालवलीस गाडी?"

फेस माझ्या बनियनवर गळत होता. तिची हनुवटी पुढे आली. मी ओळखलं.

अल्बम मागे घेतला. मांजरवाल्यांनी शंख केला, करू दे. रविवारी सकाळी आम्ही गाडी काढली. डॅशबोर्डवर मोबाइल लावला, रेकॉर्डिंग चालू. ती टाकीपर्यंत नीट आली. मी पट्टा सोडला, उतरलो, दार लावलं. डावी काच खाली होती.

"बाबा, चौकात बंद पडली तर?"

"तर पुन्हा चालू कर."

"मागचे ओरडले तर?"

ह्या धड्यात मी बोलत नाही. तिने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी एक आचका देऊन निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

टाकीपाशी एक किल्ल्या करणारा बसतो. ओळख नाही, नुसता बघून माहीत. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. चक्कर छोटी आहे: बाजार, चौक, शाळेचं मैदान, परत टाकी. एवढ्या वेळात यायला हवी होती. आली नाही. चौकाच्या दिशेने हॉर्न ऐकू आले, एक, मग बरेच. मला कळलं, बंद पडली. आयुष्यात कितीजणांसाठी असा उभा राहिलो असेन, पण जागेवरून कधी हललो नव्हतो. मी दोन पावलं तिकडे गेलो आणि परत आलो. माझाच नियम, मोडणार कसा?

हॉर्न थांबले. किल्लीवाल्याची कानस तेवढी वाजत होती.

मग मैदानाच्या बाजूने गाडी आली. सरळ, आपल्या बाजूने, वळणाआधी इंडिकेटर देऊन. मी रस्त्याच्या कडेला सरकलो, दार उघडायला हात पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि थांबलीच नाही. माझ्या हातावरून वारा घालत पुढे निघून गेली, दुसऱ्या चकरेला! इतक्या वर्षांत असं एकानेही केलं नव्हतं. उतरवलेल्या मास्तरला रस्त्यात उभा ठेवून? किल्लीवाला मान वर करून बघायला लागला, आणि त्याला मी काहीतरी बोललो. काय बोललो ते तेव्हा लक्षात राहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायची घाई होती.

गाणं तिने त्याच दुपारी नव्याने लिहिलं. बाकीच्या गाण्यांतला माझा आवाज कमी करत नेला, ह्या वेळी मोकळ्या स्पीकरवर आणि नवऱ्याच्या इअरफोनवर, दोन्ही कानांनी. मुलगा शेजारी बसून होता. "आता?" ती विचारायची. "अजून कमी," तो सांगायचा. बापाला कमी करण्यात त्याने जरा जास्तच रस घेतला असं मला वाटलं.

अल्बम पुन्हा बाहेर आला तेव्हा आधी शुकशुकाट होता. मांजरं नाहीत, गोलकीपर नाहीत. मी रोज विचारायचो, ती "बघू" म्हणायची. मग एका बाईचा निरोप आला. दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. "बसमध्ये पहिलं गाणं ऐकून हसले," तिने लिहिलं होतं, "म्हातारा आमच्या डॉक्टरांसारखा ओरडतो. मग पुढचं लावलं, मग पुढचं, आणि माझा स्टॉप निघून गेला तरी उतरले नाही. 'होल्डवर राहतोय' ही ओळ मी टेबलाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलीय, जिथे फक्त मला दिसते." सुनेने तो निरोप आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. निम्म्यावर तिने मोबाइल हिच्या हातात दिला, उरलेला हिने वाचला. नंतर आणखी आले. ढीगभर नव्हे, पण आले ते गाणी संपल्यानंतर आले. आणि एका संध्याकाळी ती पाय पोटाशी घेऊन मोबाइलवर पुन्हा काहीतरी टाइप करताना दिसली. मी हिला खूण केली, हिने चहा टाकला.

शेवटचं गाणं मी एकट्याने ऐकायचं टाळत होतो. अखेर तिनेच मुलाचे इअरफोन माझ्या कानांत घातले आणि समोर बसली. दार लागल्याचा आवाज. माझी लांब जाणारी पावलं. मग डाव्या कानात काहीच नाही. उजवीकडून ती सुरू झाली, आणि पसरत पसरत दोन्ही कानांत आली:

*आरशात मागे माणूस होता, आता झाला ठिपका,*
*पाय थरथरतोय अजून, पण हात माझा पक्का.*

चौक आला. इंजिन बंद. हॉर्नवर हॉर्न. मी खुर्चीचा हात धरला. तिने सॉरी म्हटलं नाही. एक मोठा श्वास घेतला, किल्ली फिरवली, आणि इंजिनाच्या त्या गुरगुरीवरच तिचं शेवटचं कडवं उचललं गेलं. ते संपलं, मला वाटलं गाणंही संपलं. मी इअरफोन काढायला गेलो तर तिने माझा हात धरला. "थांबा."

नुसती गाडी चालत होती. मग उघड्या डाव्या काचेतून, मागे पडत जाणारा, लांबून, कुणाचा तरी आवाज. फार बारीक, पण माझा आवाज मी ओळखणार नाही का?

"माझी सून आहे ती! अहो, माझी सून!"

मी इअरफोन काढले. "हे राहून गेलं वाटतं. ह्या धड्यात मी बोलायचं नसतं. काढून टाक."

"काढता आलं असतं," ती म्हणाली. "नाही काढलं."